आईकडून आलेली प्रत



मागील पंधरवड्याच्या टपालात एका आजीबाईंचे पत्र होते. अक्षर वळणदार, मजकूर मोजका. त्यांचा नातू साडेतीन वर्षांचा आहे. तो अद्याप बोलत नाही, नुकताच आधार धरून चालू लागला आहे, त्याला झोप कमी आहे आणि दोन वेळा आकडी येऊन गेली आहे. मात्र तो सदैव हसतमुख असतो. पाणी दिसले की हरखून जातो. ‘हसरे लेकरू आहे, उशिरा बोलेल,’ असे म्हणण्यात घराची दोन वर्षे गेली. अखेर जनुकीय तपासणी झाली आणि ‘अँजेलमन सिंड्रोम’ असे निदान हाती आले. मातेकडून आलेल्या पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला आहे, असे अहवालात नमूद होते. त्यातील ‘मातेकडून’ या एका शब्दाने घरातील वातावरण पालटले. ‘म्हणजे दोष सुनेकडचाच ना?’ असे आप्तेष्ट विचारू लागले. आजी लिहितात, ‘सून भरल्या ताटावरून उठून जाते. खरे काय ते सांगा, म्हणजे मला चार माणसांत ठामपणे बोलता येईल.’

त्यांच्या अनुमतीने हे उत्तर मी आपणा सर्वांसमोर मांडत आहे. कारण ज्या जनुकामुळे हा प्रश्न उद्भवला, त्याचा संबंध केवळ एका दुर्मीळ विकाराशी नाही. आपल्या घरातील नऊ-दहा वर्षांच्या लेकीशी आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीशीही तो आहे. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात येईल.

पेशीतील मोड

दिवाळीपूर्वी घर आवरताना जाणती गृहिणी काय करते, ते आठवून पाहा. माळ्यावरची भांडी खाली उतरतात. कल्हई करून वापरता येतील ती बाजूला ठेवली जातात. तळ गेलेली, चिरलेली भांडी मोडीत जातात. मोड घेणारा स्वतः काही निवडत नाही. जे वेगळे काढून ठेवले असेल तेच तो नेतो. खरे शहाणपण निवडणाऱ्या हातात असते. तो हात चुकला तर अडगळ साचते, नाहीतर चांगली वस्तू मोडीत जाते.

आपल्या प्रत्येक पेशीत हेच काम अहोरात्र चाललेले असते. पेशीचा सारा कारभार प्रथिने चालवतात, आणि प्रत्येक प्रथिनाचे आयुष्य ठरलेले असते. कुणाचे काही मिनिटांचे, तर कुणाचे कित्येक दिवसांचे. काम संपलेले किंवा बिघडलेले प्रथिन वेळेवर मोडले नाही, तर पेशीचा तोल ढळतो. म्हणून अशा प्रथिनावर आधी एक खूण लावली जाते. ती खूण म्हणजे ‘युबिक्विटिन’ नावाचे ७६ अमिनो आम्लांचे इवलेसे प्रथिन. युबिक्विटिनची साखळी चढलेले प्रथिन ‘प्रोटिएझोम’ नावाच्या पोकळ नळकांड्यासारख्या यंत्रणेत ओढले जाते आणि तेथे त्याचे तुकडे होतात. ते तुकडे वाया जात नाहीत; त्यांतील अमिनो आम्लांपासून पेशी पुन्हा नवी प्रथिने घडवते. ही व्यवस्था उलगडून दाखवल्याबद्दल इस्रायलचे आरोन चिकानोव्हर आणि अवराम हर्शको, तसेच अमेरिकेचे अर्विन रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खूण लावण्याचे काम तीन प्रकारची विकरे एकामागून एक करतात. पहिले विकर युबिक्विटिनला कार्यप्रवण करते, दुसरे त्याला वाहून नेते आणि तिसरे कोणत्या प्रथिनावर ते चढवायचे हे ठरवते. पहिल्या प्रकारची विकरे मानवी शरीरात अवघी दोन आहेत. तिसऱ्या प्रकारची मात्र सहाशेहून अधिक. निवडणारे हात इतके असण्याचे कारण उघड आहे. प्रत्येकाला आपापली प्रथिने नेमून दिलेली आहेत. पंधराव्या गुणसूत्रावरील ‘यूबीई३ए’ हे जनुक अशाच एका निवडणाऱ्या विकराचा आराखडा बाळगते. आजींच्या नातवाच्या मेंदूत नेमका हाच हात उणा आहे.

एकाच प्रतीवर चालणारा मेंदू

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सर्वसाधारणपणे दोन्ही कामाला असतात, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी पुष्कळदा सांभाळून घेते. काही मोजक्या जनुकांच्या बाबतीत मात्र निसर्गाची रीत निराळी आहे. बीजांडात आणि शुक्राणूत त्या जनुकांवर वेगवेगळ्या रासायनिक मोहोरा उठवल्या जातात, आणि कोणती प्रत वाचायची व कोणती मिटून ठेवायची, हे त्या मोहोरेवरून ठरते. शास्त्रज्ञ याला जनुकीय मुद्रांकन म्हणतात.

यूबीई३ए हे या रीतीचे विलक्षण उदाहरण आहे. शरीराच्या बहुतेक पेशींत त्याच्या दोन्ही प्रती काम करतात. मेंदूतील चेतापेशींत मात्र वडिलांची प्रत मिटलेली असते आणि सारा भार आईच्या प्रतीवर असतो. आपणा सर्वांच्या बाबतीत हे असेच आहे. तुमच्या मेंदूत, माझ्या मेंदूत, प्रश्न विचारणाऱ्या त्या आप्तेष्टांच्याही मेंदूत. आईची प्रत शाबूत आहे तोवर कुणाला याची वार्ताही नसते. ती हरपली, की चेतापेशींपाशी दुसरी चालती प्रत उरत नाही.

उलटही घडते. आईकडून आलेल्या याच भागाच्या जादा प्रती बाळाला मिळाल्या, तर निराळा विकार संभवतो. त्यात विकास मंदावतो, आकडी येते आणि स्वमग्नतेची लक्षणे दिसतात. या भागात इतरही जनुके आहेत, तरी यूबीई३ए त्यांतील प्रमुख मानले जाते. तेव्हा कमी असून भागत नाही, आणि अति झाले तरी मातीच.

दोष कुणाचा?

आता आजींच्या मूळ प्रश्नाकडे वळू. अँजेलमन सिंड्रोम साधारणपणे १२ ते २० हजारांमागे एका बालकात आढळतो. त्यांपैकी सुमारे ७० टक्के बालकांत आईकडून आलेल्या गुणसूत्राचा तो तुकडा गळालेला असतो, आणि ही घटना जवळजवळ नेहमीच नव्याने घडलेली असते. बीजांड तयार होताना गुणसूत्रांची जी उलथापालथ होते, तीत हा तुकडा निसटतो. आईच्या स्वतःच्या पेशींत तो जागच्या जागी असतो. तिने गरोदरपणी काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले, किती काम केले, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. शुक्राणू तयार होतानाही नेमका हाच तुकडा गळू शकतो; तेव्हा ‘प्राडर-विली’ नावाचा अगदी वेगळा विकार होतो. निसर्गाचा हात दोन्ही बाजूंना निसटतो, त्यात सूनबाईंचे घराणे किंवा मुलाचे घराणे असा भेद तो करत नाही.

सुमारे दहा टक्के बालकांत तुकडा गळालेला नसतो. यूबीई३ए जनुकाच्या अक्षरांतच चूक असते. यातील काही मातांमध्ये ती चूक असते, तरी त्या स्वतः पूर्ण निरोगी असतात. कारण ती त्यांना आपल्या वडिलांकडून आलेली असते, आणि वडिलांची प्रत चेतापेशींत मिटलेलीच असते. अशी चूक पुरुषांच्या परंपरेतून पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत येऊ शकते आणि एखाद्या स्त्रीच्या बीजांडातून पुढे गेल्यावर प्रथमच प्रकट होते. म्हणजे ‘आईकडून’ हा शब्द केवळ वाट सांगतो, उगम सांगत नाही. उरलेल्या काही बालकांत दोन्ही गुणसूत्रे वडिलांचीच आलेली असतात, काहींत मोहोर उठवण्यात चूक झालेली असते, तर काहींत कारण सापडत नाही.

हा तपशील एका व्यावहारिक कारणासाठीही महत्त्वाचा आहे. तुकडा गळाल्याचे निदान असेल आणि आईची तपासणी निर्दोष असेल, तर पुढील अपत्यात हा विकार पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. आईमध्ये जनुकाची चूक असेल, तर मात्र ती प्रत्येक खेपेस ५० टक्के असते. म्हणून दुसऱ्या अपत्याचा विचार करण्यापूर्वी अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जाणे अगत्याचे आहे. आजी, आपल्या नातवाच्या अहवालात तुकडा गळाल्याचे म्हटले आहे, ही त्या दृष्टीने दिलासा देणारी बाब आहे.

हसण्याआड दडलेले निदान

इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील बालरोगतज्ज्ञ हॅरी अँजेलमन यांनी १९६५ मध्ये अशा तीन मुलांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. इटलीतील व्हेरोना येथे एका हसऱ्या मुलाचे जुने चित्र पाहून त्यांना आपल्या त्या रुग्णांची आठवण झाली आणि झटक्याझटक्याने चालणाऱ्या या मुलांना त्यांनी ‘बाहुलीसारखी मुले’ असे संबोधले. पालकांच्या मनाला लागणारे ते नाव पुढे मागे पडले आणि विकाराला डॉक्टरांचे नाव मिळाले. त्याचे मूळ यूबीई३एमध्ये असल्याचे १९९७ मध्ये सिद्ध झाले. दरवर्षी १५ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय अँजेलमन दिन पाळतात. तारखेतील १५ हा आकडा पंधराव्या गुणसूत्राची आठवण देतो.

या विकाराचे निदान लांबण्याचे एक कारण ते हसूच आहे. रडणाऱ्या बाळाला आपण तातडीने दवाखान्यात नेतो. हसणाऱ्याची चिंता कुणाला वाटत नाही. बाळ सहा ते बारा महिन्यांचे असताना विकासातील विलंब जाणवू लागतो. बसणे, रांगणे, चालणे लांबते. हातापायांना कंप असतो, तोल सांभाळत नाही. शब्द फुटत नाहीत, फुटले तर मोजकेच. डोक्याचा घेर अपेक्षेइतका वाढत नाही. आकडी बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आत सुरू होते. झोप थोडी, चित्त चंचल, आनंदात हात फडफडवण्याची सवय, पाण्याची विलक्षण ओढ.

वाचकहो, यातील एखादे लक्षण आपल्या बाळात दिसले म्हणून घाबरून जाऊ नका. हसणे आणि पाण्यात खेळणे हा तर बाळपणाचा धर्मच आहे. मात्र वर्ष उलटूनही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द उच्चारत नसेल, किंवा आकडी आली असेल, तर ‘याचे काकाही उशिरा बोलले होते’ या वाक्यावर विसंबून राहू नका. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा बालकांची तपासणी होते. अँजेलमनची शंका असेल तर साधी गुणसूत्र-तपासणी पुरेशी ठरत नाही. डीएनएवरील मोहोर तपासणारी मिथायलेशन चाचणी प्रथम करतात. तीत सुमारे ८० टक्के बालके ओळखली जातात. ती निर्दोष आली आणि शंका कायम राहिली, तर यूबीई३ए जनुकाचे वाचन करतात.

हाती काय आहे?

हरपलेली प्रत परत देणारे औषध आज उपलब्ध नाही. वडिलांची मिटलेली प्रत चेतापेशींत उघडता येईल का, या दिशेने संशोधन चालू असून तशा औषधांच्या मानवी चाचण्याही होत आहेत. ही आशा खरी आहे. परंतु तिचा बाजार मांडणारेही भेटतील. कोणी खात्रीचा उपचार म्हणून मोठी रक्कम मागू लागला, तर तेथून उठून यावे.

जे आज करता येते, ते मात्र थोडे नाही. आकडीवर मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली नियमित औषध हवे. कार्बामाझेपिनसारखी काही औषधे या विकारात आकडी वाढवू शकतात. म्हणून निदानाचा कागद प्रत्येक डॉक्टरांना आठवणीने दाखवावा आणि औषध स्वतःहून कधीही बदलू वा थांबवू नये. चालण्यासाठी व तोलासाठी भौतिकोपचार, हातांच्या कामासाठी व्यवसायोपचार, आणि झोपेसाठी ठरलेली वेळ व शांत, काळोखी खोली यांचा उपयोग होतो. पाण्याची ओढ असल्याने हौद, विहीर, बादली यांपाशी मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोलण्याची. ही मुले बोलू शकतात त्याहून पुष्कळ अधिक समजतात. शब्द नाहीत म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, असे मानू नका. पाणी, पोळी, झोप, आजी, बाहेर, पुरे अशा मोजक्या गोष्टींची छायाचित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. ‘पाणी’ म्हणताना प्रत्येक वेळी त्या चित्रावर स्वतः बोट ठेवा आणि वाट पाहा. कित्येक महिने काही घडणार नाही. मग एके दिवशी इवलेसे बोट चित्रावर येईल. वाचा-उपचारतज्ज्ञ पुढची वाट दाखवतील.

शासकीय साहाय्यही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खाली दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र मिळते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण देते. मूल सज्ञान झाल्यावर कायदेशीर पालकत्वाची तरतूदही राष्ट्रीय न्यास अधिनियमात आहे. या मुलांचे आयुर्मान जवळजवळ सर्वसामान्यांइतके असते. तेव्हा नियोजन दीर्घ पल्ल्याचे हवे.

त्याच हाताची दुसरी कथा

आता उत्तरार्ध. यूबीई३एचे विकर प्रथम सापडले ते अँजेलमनच्या शोधात नव्हे, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात. या कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, असल्याचे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझन २००८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी होते. विषाणूची युक्ती थक्क करणारी आहे. आपल्या पेशींत ‘पी५३’ नावाचे पहारेकरी प्रथिन असते. पेशीच्या डीएनएत बिघाड दिसला की ते तिचे विभाजन रोखते, वेळ पडल्यास तिला आत्मनाशाचा हुकूम देते. विषाणूचे ‘ई६’ हे प्रथिन आपल्या यूबीई३ए विकराचा हात धरते आणि मोडीची खूण थेट त्या पहारेकऱ्यावरच लावायला लावते. पहारेकरी मोडीत निघाला, की बिघडलेल्या पेशींना मोकळे रान मिळते. नातवाच्या मेंदूत जो हात उणा पडला, तोच हात येथे परक्याच्या सांगण्यावरून राबतो.

परंतु येथे आपण असहाय नाही. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत असतात, आणि त्यांना अटकाव करणारी लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ९ ते १४ वर्षे हे लसीकरणाचे योग्य वय होय, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी लस दिलेली बरी. लेकीच्या लशीबद्दल घरात संकोचाने बोलणे टळत असेल, तर धनुर्वाताच्या लशीइतक्याच सहजतेने ते काढा.

लस घेतली तरी तपासणी चुकवू नये. भारतात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणीची शिफारस आहे. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची साधी पद्धत प्रशिक्षित आरोग्यसेविकाही करू शकते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये ही पद्धत दीर्घकाळ अभ्यासली. या कर्करोगाने होणारे मृत्यू तिच्यामुळे ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. काही मिनिटांच्या तपासणीने एवढे साधत असेल, तर ‘मला काही त्रास नाही’ हे ती टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

आजीबाई, आता अखेरीस आपल्याशी दोन शब्द. चार माणसांत आपण असे सांगू शकता: ‘माणसाच्या मेंदूत हे एक जनुक आईच्याच प्रतीवर चालते. आपणा सर्वांच्या डोक्यात आपापल्या आईची ती प्रत आजही राबते आहे. आमच्या बाळाच्या वेळी ती वाटेत निसटली. तिला कुणी टाकले नाही.’ आणि हे सांगताना सूनबाईंना शेजारी बसवून घ्या, त्यांचे ताट वाढून ठेवा. मग पुठ्ठा, कात्री, डिंक घेऊन दोघी मिळून पहिली चित्रे चिकटवा. त्यांत आपले छायाचित्र अवश्य असू द्या. नातवाला ‘आजी’ म्हणता येणार नाही कदाचित. पण आपल्या चित्रावर बोट ठेवून तो आपल्याला हाक मारायला शिकू शकेल.

आपला स्नेहांकित,
सदर लेखक